कॉर्वेट नक्की कोणी वाचवली? आमचे बाबा आणि समोरचे काका दोघंही ऐकत नाहीयेत

शियाबागकर

मंडळी, घरात वाद पेटलाय, तुम्हीच मिटवा. बहिणीचा मुलगा सुट्टीला आलाय, नऊ वर्षांचा, त्याच्याकडे वीतभर लांबीची एक पांढरी उघडी गाडी आहे, आत लाल सीटा. शेवरले कॉर्वेट. झोपताना पण उशाशी घेऊन झोपतो. आमचे बाबा हलोलला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते पेंट शॉपला, १९९६ ला ओपेल अॅस्ट्रा निघायला लागली तेव्हापासून २०१७ च्या एप्रिलमध्ये प्रॉडक्शन थांबलं तोपर्यंत, म्हणजे टवेरा, क्रूझ सगळ्या त्यांच्या नजरेखालून गेल्या. आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात पण बाबांच्या लेखी हलोल म्हणजे अजूनही शेवरलेच्या लोगोतला सोनेरी बो-टायच, दारात उभी असलेली क्रूझ ते दुसऱ्या कोणाला पुसूही देत नाहीत.

तर भाच्याने विचारलं, आजोबा, ही पण तुमच्याच कंपनीची ना? बाबा म्हणाले हो, पण खरं सांगू का, ही पहिल्यांदा आली तेव्हा नुसती दिसायला स्पोर्ट्स कार होती, आत सहा सिलिंडरचं साधं इंजिन आणि दोन गिअरचा ऑटोमॅटिक, पुढे एका रशियन इंजिनिअरने हातात घेतली म्हणून वाचली नाहीतर दोन वर्षांत गाशा गुंडाळला असता. तेवढ्यात समोरचे काका आले (रोज पेपर वाचायला येतात, स्वतःच्या घरी पेपर येत असूनही). ते म्हणाले रशियन बिशियन काही नाही हो, फोर्डने दोन सीटांची थंडरबर्ड आणली म्हणून शेवरलेला नाक राखायला ही चालू ठेवावी लागली. झालं, सेव उसळ गार झाली तरी दोघं थांबेनात. आई म्हणाली गाडी अमेरिकेची, कंपनी अमेरिकेची आणि भांडण बडोद्याच्या शियाबागेत.

आता कोण बरोबर? आणि भाच्याचा वेगळाच प्रश्न आहे, बाबा म्हणाले गाडी फायबरची असते तर तो विचारतोय की खरी गाडी प्लास्टिकची का बनवली, पत्रा संपला होता का. जाणकारांनी लिहा, मला फक्त पेट्रोल भरता येतं.

गिअरबदलू

दोघांनाही अर्धे अर्धे मार्क. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

१७ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं मोटोरामा प्रदर्शन होतं, तिथे ही पहिल्यांदा मांडली. डिझाइनवाला हार्ली अर्ल, त्याला युद्धावरून परतलेल्या पोरांनी आणलेल्या गाड्यांसारखी छोटी ब्रिटिश छाप दोन सीटांची गाडी हवी होती, अमेरिकेत तेव्हा एमजी आणि जॅग्वारचं वेड होतं (गंमत बघा, एमजी! हलोलचं वर्तुळ तिथूनच सुरू). लोक अक्षरशः तुटून पडले आणि कंपनीने ठरवलं बनवूया. ३० जूनला फ्लिंट, मिशिगनमध्ये पहिली गाडी बाहेर पडली. प्रदर्शन ते प्रॉडक्शन साडेपाच महिने! आजच्या कंपन्या तेवढ्या वेळात टीझर काढतात. त्या वर्षी फक्त ३०० बनवल्या, जवळजवळ हातानेच, सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या आणि आत लाल. म्हणजे भाच्याची गाडी त्याच घराण्यातली.

पण बाबा म्हणतात ते खरं आहे. इंजिनाचं नाव ब्लू फ्लेम, ऐकून स्पोर्ट्स कारपेक्षा गॅसची शेगडी डोळ्यासमोर येते. ३.९ लिटरचं सहा सिलिंडरी, मूळचं घरगुती शेवरलेतलं, त्याला तीन कार्ब्युरेटर लावून १५० हॉर्सपॉवरपर्यंत ओढलेलं. आपल्याकडे पहिली डिझेल क्रूझ आली ती पण १५० चीच होती, बाबांना सांगा खुश होतील. (तेव्हाचे आकडे इंजिन बाकड्यावर ठेवून मोजलेले असायचे, गाडीत बसवल्यावर कमीच भरणार.) गिअरबॉक्स पॉवरग्लाइड, दोन गिअर, ऑटोमॅटिक, क्लच मागितला तरी मिळायचा नाही. दाराला बाहेरून हँडल नाही, वरखाली होणाऱ्या काचा नाहीत, पाऊस आला की जुन्या जीपला लावतात तसले पडदे लावायचे. आणि हे सगळं ३,४९८ डॉलरला, म्हणजे साध्या शेवरलेच्या मानाने चांगलंच महाग. ज्याला स्पोर्ट्स कार कळते तो बघून हसायचा आणि ज्याला आरामाची गाडी हवी त्याचा पाठीला पाणी लागलं की उत्साह संपायचा.

१९५४ ला कारखाना सेंट लुईसला नेला, मोठे आकडे धरून. ३,६४० बनवल्या आणि वर्षअखेरीस त्यातल्या कितीतरी तशाच उभ्या. १९५५ ला किती बनवल्या माहितीये? ७००. त्याच वर्षी फोर्डची थंडरबर्ड १६,१५५ गेली. व्ही-८ इंजिन, काचा वर जायच्या, माणसासारखी गाडी.

इथे काकांना मार्क. थंडरबर्ड समोर उभी असताना कॉर्वेट गुंडाळणं म्हणजे फोर्डपुढे हात टेकल्यासारखं झालं असतं, आणि हा मुद्दा वरिष्ठांना लेखी कळवणारा माणूस कोण तर बाबांचा रशियन! झोरा आर्कस-डंटोव्ह. जन्म १९०९, ब्रसेल्सचा, आईवडील रशियन, शिक्षण बर्लिनला. मोटोरामात कॉर्वेट बघितली, प्रेमात पडला आणि त्याच वर्षी जनरल मोटर्समध्ये चिकटला. डिसेंबर १९५३ मध्येच त्याने साहेबांना चिठ्ठी लिहिली, सार असं की तरुण पोरं गाडी खोलून तिचा वेग वाढवतात ती फोर्डची, मासिकं भरलेली असतात ती फोर्डने, आणि ही पोरं उद्या मोठी होऊन पण फोर्डच घेणार, तेव्हा त्यांना आपल्या इंजिनाचे तयार स्पेशल पार्ट द्या. हे त्याला कळायचं कारण तो स्वतः भावाबरोबर न्यूयॉर्कला फोर्डच्याच व्ही-८ साठी अॅल्युमिनियमची सिलिंडर हेडं बनवून विकायचा. चोराची पावलं चोराला ठाऊक.

पण माझं स्वतःचं मत तिसरंच आहे. वाचवली ती एड कोलच्या इंजिनाने. चीफ इंजिनिअर एड कोलने १९५५ ला शेवरलेचं नवीन व्ही-८ आणलं, ४.३ लिटर, कॉर्वेटमध्ये १९५ हॉर्सपॉवर, आणि जुन्या सहा सिलिंडरपेक्षा वजनाला हलकं. ते कॉर्वेटसाठी नव्हतंच, अख्ख्या शेवरले कंपनीसाठी होतं, कॉर्वेटला आयतं मिळालं. डंटोव्हची गोष्ट सांगायला छान वाटते म्हणून सगळे तीच सांगतात. १९५६ ला मॅन्युअल गिअरबॉक्स, खऱ्या काचा, बाहेरचं हँडल सगळं आलं, १९५७ ला फ्युएल इंजेक्शन, आणि १९५८ ला फोर्डने स्वतःहून थंडरबर्डला चार सीटा लावल्या. मैदान मोकळं.

भाच्याच्या गाडीच्या बाजूला बारीक अक्षरात शेवरले लिहिलंय का बघा. १९५५ च्या व्ही-८ वाल्यांना त्यातला व्ही मोठा आणि सोनेरी असायचा.

फायबरवाला_मकरपुरा

प्लास्टिक का बनवली याचं उत्तर मी देतो कारण गेली बावीस वर्षं मकरपुरा जीआयडीसीत माझं हेच काम आहे, कुलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, ट्रॅव्हल्सच्या बसचे बंपर, एकदा गणपतीच्या मंडपासाठी बारा फुटी मोर पण केलाय.

भाच्याला सांगा पत्रा संपला नव्हता, वेळ आणि पैसा कमी होता. पत्र्याचा मडगार्ड काढायचा तर आधी पोलादी डाय (पत्रा दाबून आकार देणारा ठोकळा) लागते, ती घडवायला महिनोन्महिने जातात आणि खर्च असा की हजारोंनी गाड्या काढल्या तरच वसूल. ३०० गाड्यांसाठी कोण डाय पाडणार? फायबरला साचा पुरतो. प्रदर्शनातली गाडी फायबरचीच होती, लोकांना आवडली, मग तशीच बनवली. पार्ट ओहायोतल्या अॅश्टाब्युला गावातून एका फायबर कंपनीकडून यायचे. आणि असं म्हणतात की आधी विचार होता फायबर तात्पुरतं, पुढे पत्र्यावर जाऊ. गेलेच नाहीत! सत्तर वर्षं झाली, मटेरियल सुधारत गेलं, १९७३ पासून दाबून काढलेली शीट आली, पण पत्र्याची बॉडी काही आली नाही.

आता हे काम कसं असतं ते सांगतो म्हणजे त्या फ्लिंटच्या पोरांचे हाल कळतील. साच्याला आधी वॅक्स, वॅक्स एका कोपऱ्यात राहिलं तर पार्ट साच्यातच बसतो, मग हातोडी घ्या नाहीतर देवाचं नाव घ्या. वॅक्सवर जेलकोट, तो म्हणजे बाहेरची चकाकणारी कातडी. तो चिकटसर झाला, बोट लावलं तर खूण उठते पण बोटाला रंग येत नाही, तेव्हा वर काचेच्या धाग्याची मॅट टाकायची आणि रेझिनमध्ये हार्डनर घालून ब्रशने भिजवायची. हार्डनर जास्त पडला तर डब्यातच धूर निघतो, कमी पडला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत लिबलिबीत. मग रोलर, हवेचा एक एक बुडबुडा बाहेर काढायचा, राहिला तर रंग मारल्यावर तिथे फोड येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि घासताना ती काचेची कुस मानेत, कोपरात, मोज्यात, रात्री अंथरुणात पण. नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात आंघोळीला गरम पाणी घेतं आणि मग रडत येतं, कारण गरम पाण्याने खाज अजून वाढते. थंड पाण्यानेच धुवायचं असतं.

त्यामुळे १९५३ च्या गाड्यांत दार नीट बसत नाही, जोड दिसतात असल्या तक्रारी होत्या याचं मला काही नवल नाही. अजून एक गंमत, पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंग असते, एक वायर कुठेही बोल्टला कसली की झालं. फायबरमधून करंट जात नाही, मग प्रत्येक दिव्याला परतीची वायर वेगळी ओढावी लागते. सुरुवातीला कारागिरांना सवय नव्हती, गाडी लाइनवरून उतरायची आणि दिवे गप्प. शिवाय प्लगची खरखर रेडिओत यायची कारण अडवायला पत्राच नाही, म्हणून इंजिनावर धातूची झाकणं घालावी लागली.

सेकंडहँड गाडी घेताना आम्ही मॅग्नेट फिरवतो ना, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे म्हणून? कॉर्वेटवर फिरवलं तर अख्खी गाडी पुट्टीची निघेल.

शियाबागकर

वा वा. बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. डायच्या भागाला त्यांनी मान हलवली, कुशीच्या भागाला काका हसले. एड कोलबद्दल दोघांचं एकमत, म्हणजे दोघांनाही मान्य नाही.

बाबांचं म्हणणं टाइप करतोय जसंच्या तसं: "३०० गाड्या एकाच रंगात का? लोकांना वाटतं स्टाइल. पेंट शॉपवाल्याला विचारा. रंग बदलला की लाइन धुवायची, गन धुवायची, पहिल्या दोन गाड्यांत आधीच्या रंगाची झाक येते का बघत बसायचं. ज्यांना अजून दार नीट लावता येत नव्हतं त्यांना दुसरा रंग कोण देईल? पांढरा द्या आणि गप बसवा." हे त्यांचं अनुमान आहे, पुरावा मागू नका, पण सांगताना ते एवढे तावात होते की आईने औषधाची वेळ विसरली नाही ना विचारलं.

बडोद्याची_लेक

मी नॅशविलला असते आता पण माहेर दांडिया बाजार, त्यामुळे या धाग्यात बोलायचा दुहेरी हक्क आहे, कारण नॅशविलहून साधारण तासाभरावर केंटकीत बोलिंग ग्रीन आहे, तिथेच कॉर्वेट बनते १९८१ पासून, आणि कारखान्याजवळच नॅशनल कॉर्वेट म्युझियम आहे. आईबाबा आले होते तेव्हा नेलं त्यांना. बाबांना गाड्यांत रस, आईला "तिकीट काढलंय तर बघू" एवढाच.

तिथे १९८३ ची एकच गाडी आहे. एकच म्हणजे जगातच एक. १९८२ ला जुनं मॉडेल संपलं, नवीन यायला उशीर झाला, १९८३ ची म्हणून चाचणीच्या जेमतेम चाळीसेक बनवल्या होत्या, त्या विकल्या नाहीत, मोडीत काढल्या, एक राहिली. विक्रीला आली ती थेट १९८४ ची. आई म्हणाली म्हणजे अधिक महिना असतो तसं यांचं क्षय वर्ष. मला आयुष्यात सुचलं नसतं.

आणि मग म्युझियमचा तो घुमट. १२ फेब्रुवारी २०१४ ला पहाटे तिथली जमीन खचली आणि आठ कॉर्वेट खड्ड्यात गेल्या. तो सगळा भाग खालून पोकळ, चुनखडीचा, जवळच मॅमथ केव्ह आहे, जगातली सगळ्यात लांब गुहा. माणूस कोणी नव्हतं आत, नशीब. कॅमेऱ्यात दिसतं, शांत उभ्या असलेल्या गाड्या आणि मधली फरशी हळूच खाली जाते, एक गेली, मग दुसरी. पडलेल्यांत १९९२ ची दहा लाखावी कॉर्वेट पण होती, मुद्दाम पहिल्या गाडीसारखी पांढरी आणि आत लाल केलेली. ती नंतर दुरुस्त केली. तीन दुरुस्त झाल्या, बाकी पाच तशाच चेपलेल्या ठेवल्यात. काही तर ओळखू येत नाहीत, मुठीत दाबलेल्या कागदासारख्या. आता खड्डा भरलाय पण फरशीवर त्याची रेघ आखून ठेवलीये, आपण त्या रेघेवर उभं राहून खालच्या एवढ्याशा झाकणातून आत बघायचं. आई रेघेच्या बाहेरूनच म्हणाली, सीतामाई गेली तशा गेल्या गं धरणीत. आणि नमस्कार केला! शेजारी उभ्या असलेल्या अमेरिकन आजोबांनी टोपी काढली, त्यांना वाटलं प्रार्थना चालू आहे.

शियाबागकर, तुमच्या बाबांना सांगा, डंटोव्हच्या अस्थी पण त्याच म्युझियममध्ये आहेत. १९९६ ला गेला तो, म्युझियम उघडल्यावर दोन वर्षांनी. आमचे बाबा तिथे जरा जास्त वेळ थांबले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, कंपनी त्याची नव्हती तरी गाडी त्याची होती.

जावाप्रेमी

सगळं छान पण एक कडू बोलतो. अमेरिकन स्पोर्ट्स कार म्हणजे मोठ्ठं इंजिन आणि सरळ रस्ता, वळण आलं की देवाक काळजी. १९७५ च्या कॉर्वेटमध्ये ५.७ लिटरच्या इंजिनातून १६५ हॉर्सपॉवर निघायचे, म्हणजे बावीस वर्षांत सहा सिलिंडरवरून आठ केले, दीडपट मोठं इंजिन लावलं आणि कमाई पंधरा घोडे. यापेक्षा आमची जावा बरी, जेवढी दिसते तेवढी पळते. आणि नाव काय तर कॉर्वेट, लढाऊ जहाजाचं.

गिअरबदलू

जावाप्रेमी भाऊ, नावावर बोलू नका, आपल्या नेव्हीत पण कॉर्वेट आहेत, चपळ छोटी लढाऊ जहाजं असतात ती, मायरन स्कॉट नावाच्या कंपनीतल्याच माणसाने सुचवलेलं नाव आहे.

१९७५ चं मान्य. धूर कमी करायचे कायदे, विनाशिशाचं पेट्रोल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि मोजायची पद्धतही १९७२ पासून बदललेली, त्यामुळे आकडा दिसतो त्याहून थोडा जास्त केविलवाणा वाटतो, पण गाडी मंदावली होतीच. आणि आता स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो: त्या १९७५ साली किती विकल्या? ३८,४६५. १९७९ ला तर ५३,८०७, आजवरचं सगळ्यात मोठं वर्ष. म्हणजे इंजिन मरगळलेलं होतं त्याच काळात गाडी सगळ्यात जास्त खपली. मग एड कोलच्या इंजिनाने वाचवली ही माझी थिअरी कुठे गेली? लोक त्या लांबलचक नाकाकडे बघून घेत होते, दुसरं काय.

पण वळणाचं म्हणाल तर ऐका. १९६० ला ब्रिग्ज कनिंगहॅम नावाच्या श्रीमंत हौशी माणसाने तीन कॉर्वेट फ्रान्सला ले मॉं च्या २४ तासांच्या शर्यतीला नेल्या. दोन बाद. तिसरी, तीन नंबरची, जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन चालवत होते, शेवटच्या काही तासांत तिचं पाणी संपलं. इंजिन तापून लाल. आणि नियम असा की ठरावीक फेऱ्या झाल्याशिवाय पाणी भरायचं नाही, भरलं की बाद. मग पोरांनी डोकं चालवलं, पाणी "आत" भरायचं नाही ना? बर्फ आणला आणि इंजिनाच्या वर, आजूबाजूला, जिथे जागा मिळेल तिथे कोंबला. गाडी पिटमध्ये यायची, बर्फ, एक हळू फेरी, परत पिट, परत बर्फ. लग्नात कोल्ड्रिंकच्या टपात बर्फ टाकतात तसं. शर्यत पुरी केली, एकूण आठवी आणि आपल्या गटात पहिली! डंटोव्ह स्वतः त्याआधी १९५४ आणि ५५ ला ले मॉं मध्ये गटात जिंकलेला होता, पण कशात? पोर्शमध्ये. जनरल मोटर्सचा पगारी माणूस पोर्श चालवत होता, कारण वळण म्हणजे काय हे त्याला तिथेच शिकायचं होतं.

१९६३ च्या स्टिंग रेमध्ये त्याने मागची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आणली ती त्याच शिक्षणातून. त्याच गाडीच्या मागच्या काचेवरून त्याची डिझाइनचा साहेब बिल मिचेलशी जुंपली होती, काचेच्या मधोमध एक पट्टी, दिसायला झकास आणि मागचं काही दिसत नाही. मिचेलने पट्टी ठेवली, डंटोव्हने पुढच्या वर्षी काढायला लावली. आज ती एका वर्षाची पट्टीवाली गाडीच लोक जास्त भाव देऊन घेतात. चष्म्याच्या मधल्या दांडीला भाव आल्यासारखं.

फायबरवाला_मकरपुरा

सस्पेन्शन निघालंच आहे तर, १९८१ पासून काही कॉर्वेटला मागे आडवा पाटा आहे तो पण फायबरचा. लोखंडी पाटा चाळीस पाउंडांच्या वर आणि हा आठ. आमच्याकडे एकाला सांगितलं तर म्हणाला फायबरचा पाटा तुटेल. अहो धनुष्य पण फायबरचं असतंच की.

जावाप्रेमी

बर्फाची गोष्ट आवडली, जावा तापली की आम्ही ओलं फडकं टाकतो. पण मग सांगा, वळणाचं एवढं कळत होतं तर इंजिन पुढे का ठेवलं इतकी वर्षं? फेरारीवाल्यांनी कधीच मागे नेलं.

गिअरबदलू

हेच तर डंटोव्हचं दुखणं! खंडेराव मार्केटबाहेर भाजीच्या लाऱ्या बघा. माल पार पुढे रचला तर दांडा उचलून हात दुखतात, पार मागे रचला तर लारी उलटते, शहाणा लारीवाला जड पोती बरोबर चाकांच्या वर, मधोमध ठेवतो आणि मग एका बोटाने वळवतो. गाडीत सगळ्यात जड पोतं म्हणजे इंजिन. ते ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे ठेवलं की नाक पटकन वळतं आणि ढकलणाऱ्या चाकांवर वजन येतं.

डंटोव्हने १९६० पासून असल्या प्रयोगाच्या गाड्या बनवल्या, सर्व्ह वन, मग सर्व्ह टू, १९७० ला तर न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मध्ये इंजिनवाली मांडली. प्रत्येक वेळी वरून उत्तर तेच, आहे ती खपतेय ना, मग खर्च कशाला. वर दिलेले खपाचे आकडे परत वाचा, साहेबांचं तरी काय चुकलं म्हणा. १९७५ च्या सुरुवातीला तो रिटायर झाला. त्याच्यानंतर डेव्ह मॅकलेलन, डेव्ह हिल, टॅज ज्युक्टर असे चीफ इंजिनिअर झाले आणि जुलै २०१९ ला कॉर्वेटच्या आठव्या पिढीत इंजिन एकदाचं मध्ये आलं. साठ वर्षं! माणूस जाऊन तेवीस झाली होती. तिच्या सुरुवातीच्या चाचणीच्या गाड्यांपैकी एकीवर डंटोव्हच्या चेहऱ्याचं छोटं चित्र काढलेलं होतं म्हणतात, नसेल तरी मी असंच सांगत राहणार.

६.२ लिटर व्ही-८, ४९५ हॉर्सपॉवर पर्यंत. आणि पहिल्यांदाच कारखान्यातून उजव्या हाताचं स्टेअरिंग पण. आता खरी गंमत, या गाडीत क्लचचं पेडल नाही. मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतच नाही. १९५३ ला ऑटोमॅटिक म्हणून हसले होते लोक, २०२० ला परत तिथेच, फक्त दोन गिअरचे आठ झाले आणि आता हसायची कोणाची टाप नाही.

बडोद्याची_लेक

डंटोव्हची ती चिठ्ठी लिहायची पद्धत मला ओळखीची वाटते. आमच्या बाबांनी पण हाफिसात रिटायर होईपर्यंत एकाच पंपाबद्दल अर्ज लिहिले. पंप बसवला, बाबांच्या निरोपसमारंभानंतर दोन महिन्यांनी.

शियाबागकर

रिपोर्ट देतो. काल रात्री बाबांनी पेपरची बारीक अक्षरं वाचायचं भिंग काढलं आणि भाच्याकडून गाडी मागून घेतली. बाजूला खरंच शेवरले लिहिलंय आणि त्यातला व्ही मोठा, सोनेरी. म्हणजे ही १९५३ ची नाहीच, ५५ ची, व्ही-८! ज्या गाडीकडे बोट दाखवून बाबा दोन दिवस सहा सिलिंडर, सहा सिलिंडर करत होते तिच्यात आठ निघाले. काकांना लगेच हाक मारली मी. काका म्हणाले मग ५५ म्हणजे थंडरबर्डचं वर्ष, मी काय म्हणत होतो. बाबा म्हणाले ५५ ला डंटोव्ह कंपनीतच होता. परत सुरू. एड कोलचं नाव मी घेतलं तर दोघांनी मिळून माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी प्यायला उठलो.

फायबरवाला_मकरपुरा

ते सगळं राहू दे, खेळणं कशाचं आहे? लोखंडी असेल तर कॉर्वेट म्हणू नका, मॅग्नेट लावून बघा.

शियाबागकर

लावलं भाऊ, फ्रिजवरचं काढून. हाताला तर धातूसारखी जड आणि गार लागते पण मॅग्नेट काही चिकटत नाही. भाचा आता गल्लीभर सांगत सुटलाय की त्याची गाडी खरी फायबरची आहे, आणि बाबा त्याला अजिबात दुरुस्त करत नाहीयेत.